खेचरांच्या वाटेवरून सायकल

स्पेन हा सपाट देश नाही. युरोपातल्या सर्वांत डोंगराळ देशांत त्याची गणना होते, आणि १९३५ पासून चालत आलेली तिथली ‘वुएल्ता’ ही सायकल शर्यत ओळखली जाते ती घाटांसाठीच. कॅरिअरला पिशव्या बांधून, मुक्काम करत करत जाणाऱ्या साध्या सायकलस्वाराला या देशाचा नकाशा जरा धास्तावणाराच वाटतो. पण माद्रिदच्या उत्तरेला, मुख्यतः पालेन्सिया आणि वायादोलिद या प्रांतांतून, दोनशे किलोमीटरची अशी एक वाट जाते जिच्यावर चढ म्हणावा असा चढ नाही, ट्रक नाहीत आणि हॉर्नही नाहीत. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला गहू. ही वाट सायकलींसाठी कुणी बांधलेली नाही. ती कास्तियाच्या कालव्याची काठवाट आहे, नावा ओढणाऱ्या खेचरांसाठी केलेली.

सपाटी आणि शांतता या दोन गोष्टी सायकलस्वाराला एकत्र मिळणे दुर्मीळच. जिथे जमीन सपाट तिथे माणसांनी आधी रस्ते केले, मग महामार्ग केले, आणि सगळी वाहने तिकडेच धावू लागली. शांत रस्ते उरले ते डोंगरात, आणि तिथे चढाने दम निघतो. दोन्ही एकत्र हवे असेल तर वाहतुकीने वापरून सोडून दिलेल्या वाटा शोधाव्या लागतात. अशा वाटा दोन प्रकारच्या: बंद पडलेले रेल्वेमार्ग आणि जुने कालवे.

स्पेनमध्ये दोन्ही आहेत. विसाव्या शतकात तिथले छोटे रेल्वेमार्ग एकामागून एक बंद झाले. १९९३ मध्ये मोजदाद केली तेव्हा गाडी धावत नाही असे साडेसात हजार किलोमीटरहून जास्त मार्ग निघाले. त्याच वर्षी त्यांचे पादचारी आणि सायकलींसाठी मार्ग करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांना तिथे ‘व्हिया व्हेर्दे’, म्हणजे हिरवी वाट, म्हणतात, आणि आज त्यांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या वर गेली आहे. हे काम मोठेच आहे. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, म्हणून तिच्यासाठी डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल बांधले, आणि त्याचा फायदा आता सायकलला मिळतो. तरीही रेल्वेमार्ग चढतोच, फक्त हळूहळू चढतो. पाणी मात्र अजिबात चढत नाही. म्हणून खरी सपाट वाट हवी असेल तर माझे मत कालव्याच्या बाजूने आहे.

आपल्याकडे पाणलोटाच्या कामात डोंगराला समतल चर खणतात. चराची रेघ उताराला आडवी जाते, टेकडीला वळसा घालते, पण पातळी सोडत नाही. नावांचा कालवा हीच रेघ शंभर-दोनशे किलोमीटर नेतो. त्याच्या काठाने चालणारा माणूस नकळत एकाच उंचीवर चालत असतो. अठराव्या शतकातल्या सर्वेक्षकाने समोरची जमीन मोजून जी पातळी काढली, तिचा लाभ आज सायकलस्वाराच्या गुडघ्यांना होतो.

जमीन उतरते तिथे कालव्याला पायरी घ्यावी लागते. या पायरीला लॉक म्हणतात. दगडी भिंतींचा एक हौद आणि त्याला दोन्ही टोकांना दरवाजे. वरून आलेली नाव हौदात शिरली की मागचा दरवाजा लावायचा, हौदातले पाणी खालच्या बाजूला सोडायचे, पाण्याबरोबर नाव खाली बसते, मग पुढचा दरवाजा उघडायचा. वर जायचे असेल तर हाच क्रम उलटा. कास्तियाच्या कालव्यावर असे ४९ लॉक आहेत. उत्तर शाखेवरचे सुरुवातीचे लॉक लांबट गोल आकाराचे आहेत. फ्रान्समधल्या कानाल द्यू मिदीवर हा आकार आधीच वापरला गेला होता: बाहेरून रेटणाऱ्या मातीचा भार वळणदार भिंत सरळ भिंतीपेक्षा चांगला पेलते. पुढे बांधलेले लॉक चौकोनी झाले. सायकलवरून जाताना भिंतींचा आकार बदलला की आपण पुढच्या काळात आलो हे कळते.

आलार देल रेय या उत्तरेच्या टोकापासून वायादोलिदपर्यंत पाणी सुमारे १५० मीटर उतरते, आणि हे अंतरही दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे हजार मीटरला एक मीटर उतार. आणि तोही सलग नाही. मधली वाट अगदी सपाट, आणि लॉकपाशी आले की पन्नास-शंभर पावलांची छोटीशी घसरण. फ्रोमिस्ता गावापाशी मात्र चार हौद लागोपाठ आहेत आणि चौदा मीटरांचा उतार एका दमात होतो. अख्ख्या कालव्यावरचे हे सर्वांत देखणे बांधकाम आहे. तिथे सायकल टेकवून वरच्या पुलावर उभे राहिले की पाण्याची पायरी म्हणजे काय हे कुठल्याही आकृतीपेक्षा लवकर समजते.

हा खटाटोप केला कशासाठी? गव्हासाठी. या पठाराला तिएर्रा दे काम्पोस म्हणतात, आणि ते स्पेनचे जुने धान्याचे कोठार. पण धान्य पिकून उपयोग नव्हता, कारण समुद्राकडे न्यायला मध्ये कांताब्रियाचे डोंगर. बैलगाडीने आणि खेचराच्या पाठीवरून ते नेताना वाहतुकीचा खर्चच डोईजड होई. एकीकडे गहू पडून, दुसरीकडे किनाऱ्यावर तो महाग. सहावा फेर्नान्दो राजा असताना त्याचा मंत्री मार्केस दे ला एन्सेनादा याने कालव्यांची कल्पना उचलून धरली. फ्रेंच अभियंता लमोर याने सर्वेक्षण केले. योजनेला पक्के रूप दिले आंतोनियो दे उयोआ या नौदल अधिकाऱ्याने. हा तोच उयोआ, जो तरुणपणी पृथ्वीचा आकार मोजणाऱ्या फ्रेंच मोहिमेबरोबर दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात गेला होता. १६ जुलै १७५३ रोजी कालाओर्रा दे रिबास इथे पहिली कुदळ पडली.

पुढच्याच वर्षी एन्सेनादाची सत्ता गेली आणि काम अडखळले. मग ते कधी चालले, कधी थांबले. उत्तर शाखा १७९१ मध्ये पुरी झाली. त्यानंतर नेपोलियनची स्वारी आली, तिजोरी रिकामी झाली. १८३१ मध्ये काम खासगी कंपनीकडे दिले गेले, आणि खणायला कैदी लावले गेले. आज ज्या काठावरून आपण निवांत जातो, त्याची माती बेड्या घातलेल्या माणसांनीही टाकली आहे, हे त्या वाटेवर आठवणीत असावे असे मला वाटते. दक्षिण शाखा १८३५ मध्ये वायादोलिदला पोचली, पश्चिमेकडची शाखा १८४९ मध्ये मेदिना दे रियोसेकोला. सुरुवातीपासून ९६ वर्षे. एकूण लांबी २०७ किलोमीटर: उत्तर शाखा ७५, काम्पोस शाखा ७८, दक्षिण शाखा ५४. समुद्रापर्यंत मात्र कालवा कधी पोचलाच नाही. दक्षिणेकडे सेगोव्हियापर्यंत जाण्याचा बेतही कागदावरच राहिला.

आणि नशीब असे की काम संपले तेव्हा त्याची वेळच संपत आली होती. १८५०च्या दशकात साडेतीनशेहून जास्त नावा या पाण्यात होत्या. काठावर पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, लॉकपाशी पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर त्यांची जाती फिरत. पण १८६० मध्ये वायादोलिदहून आलारकडे आगगाडी सुरू झाली, जवळजवळ कालव्याला समांतर. खेचर जेमतेम माणसाच्या चालीने चालते. त्याने आगगाडीशी काय स्पर्धा करायची? तरी नावा पुढे बरीच वर्षे चालत राहिल्या. वाहतूक अधिकृतपणे थांबली ती १९५९ मध्ये. पाणी मात्र थांबले नाही. आजही हा कालवा शेती भिजवतो आणि पालेन्सिया, वायादोलिद या शहरांना पिण्याचे पाणी पुरवतो. कालवा बुजला नाही आणि काठवाट शिल्लक राहिली, याचे कारण हेच. १९९१ मध्ये त्याला संरक्षित सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि आता तो ‘जीआर ८९’ या क्रमांकाचा लांब पल्ल्याचा पायमार्ग म्हणूनही आखलेला आहे.

आता त्या वाटेवर प्रत्यक्ष काय होते ते पाहू. सपाट वाट म्हणजे सोपी वाट असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. चढावर सायकलस्वाराचे भांडण असते ते वजनाशी. प्रत्येक किलो वर उचलून न्यावा लागतो. सपाटीवर वजन जवळजवळ मुकाट बसते. म्हणून तंबू, कपडे, भांडी असे वीस किलो सामान लादूनही इथे फारसे जड जात नाही. सपाटीवरचा प्रतिस्पर्धी वेगळा: हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे हवेच्या तुलनेतला वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट. आपण पंधराच्या वेगाने जात असताना समोरून तितकाच वारा आला, तर शरीराला तीसच्या वेगाचा विरोध सोसावा लागतो. आणि या पठारावर वारा अडवायला काही नाही. त्यामुळे इथला अनुभवी माणूस पहाटे निघतो, दुपारी वारा उठायच्या आत मुक्काम गाठतो.

दुसरी अडचण बसण्याची. डोंगरात माणूस चढावर उभा राहतो, उतारावर पेडल सोडतो, शरीराला आपोआप बदल मिळतो. सपाटीवर पेडल सतत फिरत राहते आणि माणूस तासन्‌तास एकाच बैठकीत असतो. दुखतात ते पाय नव्हेत, तर बसण्याची जागा, तळहात आणि मान. उपाय साधा: ठरवून उठायचे. थोड्या थोड्या वेळाने पेडलवर उभे राहावे, हातांची जागा बदलावी, लॉक आला की उतरावे. एरवी चढउतार जे काम करतात ते इथे ४९ लॉक करतात.

वाट डांबरी नाही. कुठे मुरूम, कुठे बारीक खडी, कुठे गवतातून गेलेली दोन चाकोऱ्यांची वाट. शर्यतीचे बारीक टायर इथे कामाचे नाहीत. चार सेंटीमीटरच्या आसपासचे रुंद टायर हवेत. पावसानंतर सावध राहावे लागते. इथली माती चिकण आहे, ओली झाली की चाकाला थर बसत जातो, मडगार्डमध्ये चिखल ठासतो आणि चाक फिरेनासे होते. अशा दिवशी हट्ट न धरता शेजारच्या गावरस्त्यावर यावे. तिथेही वाहने तुरळकच असतात, आणि स्पेनच्या कायद्याने मोटारीला सायकलच्या बाजूने पुढे जाताना किमान दीड मीटर अंतर राखावे लागते. गावाबाहेर हेल्मेट घालणेही कायद्यानेच सक्तीचे आहे.

ऋतूचे भान हवेच. हे पठार समुद्रसपाटीपासून सातशे ते साडेआठशे मीटर उंच आहे. कास्तियातले लोक आपल्या हवेबद्दल म्हणतात: नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. जुलै-ऑगस्टमध्ये पीक कापलेले असते, जमीन पिवळीधम्मक, आणि काम्पोस शाखेवर मैलोन्‌मैल सावली नाही. उत्तर शाखेवर पाण्याकाठी पॉपलरची झाडे बरी आहेत. मे आणि जूनचा पहिला पंधरवडा, किंवा सप्टेंबर, हे दिवस चांगले. मे महिन्यात गहू हिरवा असतो, त्यात पॉपीची लाल फुले, आणि वारा आला की सारे शेत एका दिशेने वाकते.

या प्रदेशाला ओसाड म्हणून काही प्रवासवर्णने पुढे निघून जातात. मला ते पटत नाही. इथे पाहण्यासारखे जे आहे ते हळू जाणाऱ्यालाच दिसते. दगड नाही आणि लाकूडही फारसे नाही, म्हणून इथली घरे, कुंपणे, कोठारे कच्च्या विटांची, माती आणि भुसा कालवून लिंपलेली. शेतात मधेच मातीच्या बिनखिडकीच्या गोल किंवा चौकोनी इमारती उभ्या दिसतात. ते कबुतरखाने आहेत. कबुतरांचे मांस हिवाळ्यात खायला आणि त्यांची विष्ठा शेतात खत म्हणून, यासाठी शेतकऱ्यांनी ते बांधले. आता बरेच ढासळत आहेत, कारण मातीच्या भिंतीला दर वर्षी लिंपणारा हात लागतो, आणि तो हात गावात राहिलेला नाही.

पक्षी मात्र भरपूर. कालव्यातून पाणी झिरपते, त्यामुळे काठाबाहेर जागोजागी दलदल आणि बोरूची बेटे झाली. कोरड्या मुलखात ती वाटसरू पक्ष्यांची विसाव्याची ठिकाणे ठरली. फुएन्तेस दे नावाजवळचे ला नावा हे मोठे तळे शेतीसाठी पुरते उपसून टाकले होते. १९९० पासून त्याच्या काही भागात पुन्हा पाणी सोडले जाते, आणि हिवाळ्यात तिथे कलहंस उतरतात. पण महाराष्ट्रातल्या वाचकाने डोळे लावावेत ते शेतांकडे. तिथे आपल्या माळढोकाचा युरोपी भाऊबंद चरताना दिसतो. दोघे एकाच कुळातले, दोघांना उघडा, निवांत माळ लागतो, आणि युरोपी नर तर उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. स्पेनने १९८० मध्ये त्याची शिकार बंद केली, आणि आज जगातल्या या पक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या स्पेनमध्ये आहेत. आपण १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केले. आज भारतभर मिळून माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि तेही बहुतेक राजस्थानात. गव्हाच्या, पडीक ठेवलेल्या आणि द्विदल पिकांच्या पट्ट्यांत हा पक्षी शेतकऱ्याच्या शेजारी टिकू शकतो, हे कास्तियात डोळ्यांनी पाहता येते. कालव्याच्या काठावरून दुर्बीण लावावी, शेतात मात्र शिरू नये; एप्रिल-मे हे त्यांच्या विणीचे दिवस.

द्विदल पिकांवरून आठवले. तिएर्रा दे काम्पोसची बारीक तपकिरी मसूर प्रसिद्ध आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपल्या मसुरीचीच ही जात. गावातल्या खाणावळीत दुपारी ठरलेल्या दरात पूर्ण जेवण मिळते आणि त्यात ही मसूर हमखास असते, पण तिच्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावे. दुकाने दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतात ती पाच वाजेपर्यंत उघडत नाहीत, रविवारी तर बऱ्याच गावांत काहीच मिळत नाही. म्हणून पाव, चीज आणि पाणी सकाळीच पिशवीत असलेले बरे.

फ्रोमिस्ताच्या आधी काही किलोमीटर या वाटेवर अचानक माणसे भेटतात. सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला पायी निघालेले यात्रेकरू बोआदीया गावाकडून येऊन इथे कालव्याचा काठ धरतात. फ्रोमिस्ता गावात अकराव्या शतकातले सान मार्तीनचे चर्च आहे, त्या काळच्या बांधणीचा स्पेनमधला अतिशय नेटका नमुना. यात्रेकरू पश्चिमेला वळले की कालवा पुन्हा एकटा पडतो. पुढे ग्रिहोताजवळ एल सेर्रोन इथे वाट फुटते: एक दक्षिणेला वायादोलिदकडे, दुसरी पश्चिमेला मेदिना दे रियोसेकोकडे. पश्चिमेच्या वाटेवर व्हियाउम्ब्रालेसला, जिथे पूर्वी नावा बांधत, कालव्याचे संग्रहालय आहे. वेळ एकाच शाखेपुरता असेल तर पश्चिमेची घ्यावी असे मी म्हणेन. दक्षिण शाखा शहराकडे जाते आणि शेवटी महामार्गाचा आवाज ऐकू येऊ लागतो. पश्चिमेची शाखा शांततेतच संपते, मेदिनाच्या धक्क्यावर, जिथे पिठाची जुनी गिरणी यंत्रांसकट जपून ठेवली आहे.

आता त्या शांततेबद्दल. ती आपोआप आलेली नाही. पालेन्सिया प्रांतात दर चौरस किलोमीटरला वीसेक माणसे राहतात. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार ३६५. १९५०नंतर ट्रॅक्टर आले, शेतीला माणसे लागेनाशी झाली, आणि तरुण माद्रिद, बिल्बाओ, बार्सिलोनाच्या कारखान्यांकडे गेले. २०१६ मध्ये सेर्हियो देल मोलिनो यांच्या ‘ला एस्पान्या वासिया’ या पुस्तकाने या रिकाम्या होत गेलेल्या स्पेनवर देशभर चर्चा घडवली. मार्च २०१९ मध्ये अशा भागांतले हजारो लोक माद्रिदच्या रस्त्यावर उतरले, आणि त्यांचे मागणे साधे होते: गाडी, डॉक्टर, शाळा, इंटरनेट. सायकलस्वाराला जी वाट मोकळी वाटते ती कुणाचे तरी गाव सुटल्याने मोकळी झाली आहे. हे समजून घेतले तर त्या वाटेचा आनंद कमी होत नाही, पण तिथे वागावे कसे हे ठरते.

जाण्याची सोय सरळ आहे. माद्रिदहून वायादोलिद वेगवान गाडीने तासाभराचे. मात्र वेगवान गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत घालावी लागते. वायादोलिदहून सांतान्देरकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाड्या पालेन्सिया, फ्रोमिस्ता आणि आलारला थांबतात. त्यांत सायकलींना जागा असते पण मोजकी, म्हणून तिकीट काढतानाच विचारावे. आलारला उतरून दक्षिणेकडे यावे, पाण्याच्या दिशेने. आणि दोन कामे आवर्जून करावीत: मुक्काम शहरात न करता काठावरच्या गावात करावा, आणि पाव, चीज, कॉफी जे लागेल ते त्याच गावातल्या दुकानातून घ्यावे. त्यातल्या कित्येक गावांत आता एकच दुकान उरले आहे.